परवान्याची ऐट

"धंदा करायचा तर प्रीमियर नाहीतर फायनल कट. फुकटची सॉफ्टवेअरं पोराटोरांच्या रील्सपुरती ठीक." एडिटिंगच्या क्लासमध्ये हे पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. गंमत अशी की असं बजावणाऱ्या कित्येक क्लासांतलं प्रीमियर स्वतःच क्रॅक केलेलं असतं. आग्रह व्यावसायिकतेचा आणि श्रीगणेशा चोरीचा.

महाग ते व्यावसायिक, हे गृहीतक इतिहासात टिकत नाही. हॉलिवूडचं संकलन ॲव्हिडच्या महागड्या यंत्रणेवर चालत होतं, तेव्हा संकलक वॉल्टर मर्च यांनी २००३ चा 'कोल्ड माउंटन' फायनल कट प्रोवर कापला. हजार डॉलरच्या आत मिळणारं ते सॉफ्टवेअर पाहून अनेकांनी नाकं मुरडली होती. मर्च यांना त्याच कामासाठी संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाची गोष्ट तर याहून मासलेवाईक. तो कापला गेला फायनल कट प्रो ७ वर, जे ॲपलने २०११ मध्येच बंद केलं होतं. तरी २०२० मध्ये तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. फायनल कटची ही दोन्ही रूपं विकतचीच होती, असं कुणी म्हणेल. होती. पण ज्याच्या त्याच्या वेळी 'हे काही खरं व्यावसायिक नव्हे' असा शिक्का दोन्हींवर बसलेला होता, मुद्दा तेवढाच.

आता फुकटवाल्यांची बाजू. दा विंची रिझॉल्व्ह म्हणजे कंपनीने केलेला दानधर्म, असं मानणारे भाबडे आहेत. दा विंचीच्या रंगसंस्कार यंत्रणा एके काळी लाखो डॉलरना विकल्या जात. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली आणि दोन वर्षांत फुकट आवृत्ती काढली, कारण ब्लॅकमॅजिक कॅमेरे आणि कन्सोल विकते. सॉफ्टवेअर हा गळ आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं. फुकट आवृत्तीतून अल्ट्रा एचडीपर्यंतच व्हिडिओ निघतो, अंधारातल्या फुटेजचे दाणे घालवायची चांगली सोय स्टुडिओ आवृत्तीत आहे, आणि लिनक्सवर फुकट रिझॉल्व्ह साधं एच २६४, म्हणजे व्हिडिओचं नेहमीचं स्वरूपसुद्धा वाचत नाही. मोबाइलवरच्या किनेमास्टरचा वॉटरमार्क घालवायला 'मॉड', म्हणजे क्रॅक केलेली आवृत्ती शोधणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

पण तालुक्याच्या गावी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एडिटरला खरं काय छळतं? मंगलाष्टकं मामाने फोनवर घेतलेली, आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ आणि सूर जुळतात. शेवटच्या अष्टकापर्यंत मात्र अक्षता आधी पडतात आणि 'सावधान' मागून ऐकू येतं. कारण मंडपातला उजेड कमी झाला की बरेच फोन सेकंदाला घ्यायच्या फ्रेम गुपचूप कमी करतात. फ्रेमचा वेग असा वरखाली होणं ही फुटेजची खोड. तुमचा परवाना केवढ्याचा, याच्याशी तिचं देणंघेणं नाही. शॉटकट हे फुकटचं सॉफ्टवेअर असं फुटेज ओळखून आधी बदलून घ्यायला सुचवतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं तर फुकटच्या हँडब्रेकमधून वेग स्थिर करून घ्यावा, आवाज जागेवर राहतो. जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइन अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, करायची सोय फुकटच्या केडेनलाइव्हमध्येही आहे, प्रीमियरमध्येही.

आणि देवनागरी! प्रीमियरमध्ये अक्षरांचं दक्षिण आशियाई इंजिन सेटिंग्जमध्ये जाऊन निवडलं नाही, तर 'चि. सौ. कां.'च्या पाटीवर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते आणि 'हार्दिक'मधला रफार गळून पडतो. हे माहीत नसल्यामुळे किती पाट्या फोटोशॉपमध्ये बनवून चिकटवल्या गेल्या असतील! केडेनलाइव्ह आणि शॉटकट युनिकोड मराठी मुकाट्याने नीट जोडतात. दरमहा भाडं घेणाऱ्याने जे सेटिंगच्या तळघरात ठेवलं, ते इथे फुकट आणि समोर.

मग महागडी सॉफ्टवेअरं निरुपयोगी का? मुळीच नाही. मालिकेचा रोजचा एपिसोड चार एडिटर एकाच वेळी कापत असतील, तर ॲव्हिडला तोड नाही: एकाने बिन, म्हणजे शॉटांचा कप्पा, उघडला की बाकीच्यांना तो फक्त पाहता येतो, कुणी कुणाचं काम पुसत नाही. आफ्टर इफेक्ट्समधून सतत ये-जा असेल तर प्रीमियरचं भाडं वसूल होतं. गिऱ्हाईक प्रीमियरचीच प्रोजेक्ट फाइल मागत असेल तर वाद संपलाच. अडलेलं काम दाखवा आणि खुशाल पैसे भरा. एकट्याने लग्नं, बारशी आणि शाळांची गॅदरिंग करणाऱ्याचं यांतलं कुठलं काम अडलेलं असतं?

त्याचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्न होऊन चार वर्षांनी तेच जोडपं येतं, बारशाच्या व्हिडिओत लग्नातले दोन शॉट हवे असतात, तेही त्याच रंगात, त्याच गाण्यावर. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, आणि कार्यक्रम पुन्हा उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. फुटेज जपलं असेल तर तासाभरात काम होतं. प्रीमियरवाल्याची फाइलही हार्ड डिस्कवर शाबूत असते. मात्र मधल्या काळात वर्गणी बंद केली असेल, तर आधी तिचा हप्ता भरायचा, मग शॉट शोधायचे.