मराठी शिकवा, पण दुसरी भाषा म्हणून

आज २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी शाळाशाळांतून ग्रंथदिंड्या निघतील. मुंबई महापालिकेच्या उर्दू, हिंदी, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड माध्यमांच्या शाळांतली मुलेही आज मराठी गाणी म्हणतील. मराठी आणि इंग्रजी धरून आठ माध्यमांत शाळा चालवल्या हे या महापालिकेचे मोठे काम आहे. मराठी भाषा गौरव दिनी बोलायला हवे ते या मुलांविषयी.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. न शिकवणाऱ्यांना लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. कायदा योग्यच आहे, उशिरा आला एवढेच. पण दंडाच्या धाकाने वेळापत्रकात फक्त तासिका येते. बालभारतीने या मुलांसाठी ‘सुलभभारती’ ही वेगळी पुस्तके काढली. तरी वर्गात धडा वाचायचा आणि फळ्यावरची उत्तरे उतरवून घ्यायची हीच रीत राहिली, तर मूल मराठी लिहील, बोलणार नाही.

शिवाय सगळ्यांची अडचण एक नसते. हिंदी-उर्दू बोलणारे मूल नपुंसकलिंगाशी अडखळते, कारण त्याच्या भाषेत लिंगे दोनच. गुजराती मुलाला तिन्ही लिंगे घरातूनच ठाऊक असतात. कन्नड, तमीळ मुलांच्या तोंडी ‘ळ’ आधीपासून असतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तमीळ, तेलुगू मुलाला समजावून सांगावा लागत नाही. हिंदीत दोन्हींना ‘हम’च. उर्दू शाळेतल्या मुलाची तर लिपीच उजवीकडून सुरू होते. हे जाणणारा शिक्षक लाल शाईने चुका मोजत बसणार नाही. मुलाजवळ जे आहे तिथूनच पुढे नेईल.

पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय जून २०२५ मध्ये सरकारला मागे घ्यावे लागले. कोवळ्या वयात भाषांचे ओझे नको, असे तेव्हा आपण ठामपणे म्हणालो. तोच न्याय तमीळ वा उर्दू शाळेतल्या मुलालाही लावायला हवा. मराठी त्याच्या गल्लीची भाषा आहे, ती त्याला यायलाच हवी. पण आधी कानांनी आणि तोंडाने.

म्हणून शिक्षण विभागाने पहिली दोन वर्षे मराठीचा तास ऐकण्या-बोलण्याला द्यावा, परीक्षा तोंडी ठेवावी आणि शिक्षकांना मुलांच्या घरच्या भाषेनुसार प्रशिक्षण द्यावे. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात, तिथे मुलांचे खेळ तरी एकत्र घ्यावेत. आणि वाचकहो, एखादे अमराठी मूल अडखळत मराठी बोलू लागले, तर हिंदीवर जाऊ नका. त्याच्याशी मराठीतच, जरा सावकाश बोला.