पद्मिनीचा अस्त कोणी घडविला?

ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नोंद झाली. टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली ती मुंबईतील अखेरची 'प्रीमियर पद्मिनी'. वीस वर्षांची कायदेशीर वयोमर्यादा पुरी होताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्या निरोपाप्रीत्यर्थ वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले, त्यात हळवेपणा पुष्कळ आणि विचार थोडा होता. जी मोटार एके काळी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे यादीत तिष्ठत बसले, ती बनविणारा कारखाना दोन दशकांच्या आत असा का कोसळला, या प्रश्नाला त्या लेखनात फारशी जागा मिळाली नाही. मारुती आली आणि पद्मिनी गेली, किंवा कामगार संघटनांनी प्रीमियरला बुडविले, ही दोन तयार उत्तरे सर्वांच्या तोंडी आहेत. दोन्ही अपुरी आहेत.

पनवेलसारख्या गावाला या मोटारीचा परिचय तिच्या मालकांपेक्षा तिच्या प्रवाशांकडून अधिक झाला. मुंबई-पुणे रस्ता गावातून जात असे आणि गोव्याचा रस्ता येथूनच फुटत असे. १९७३ साली ठाणे खाडीवर पहिला पूल झाला आणि मुंबईहून पनवेलला येण्यासाठी ठाणे, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा घेण्याची गरज उरली नाही. दादर-पुणे टॅक्सी याच वाटेने जात. पुढे बोरघाटाची चढण असल्याने वाहनाचे पाणी पाहून घेणे हा चालकांचा नित्याचा परिपाठ होता. उन्हाळ्यात पेट्रोलचा पंप तापून गाडी मध्येच रुसली, तर त्यावर ओला फडका टाकून दहा मिनिटे स्वस्थ बसावे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसतानाही सर्वांना अवगत होते. शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी यांना ही गाडी विकत घेणे शक्य नव्हते. परंतु टॅक्सीत चौघांनी भाडे वाटून घेतले की तिच्या मागच्या आसनावर त्यांचाही हक्क प्रस्थापित होई. मोटार म्हणजे श्रीमंतांचे खेळणे, ही समजूत महाराष्ट्रात जी थोडीफार सैल झाली, ती या गाडीमुळे.

प्रीमियरचा आरंभ मात्र अत्यंत तेजस्वी होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी विमानांचा आणि जहाजांचा कारखाना काढण्याचे धाडस केले, त्याच ईर्षेने त्यांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फिरून त्यासाठी योजना सिद्ध केली होती. बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळाला तिच्याविषयी आस्था होती. ब्रिटिश सरकारला मात्र हिंदी माणसाने मोटारी बनवाव्यात, ही कल्पनाच मानवण्यासारखी नव्हती. महायुद्धाच्या काळातही या उद्योगाला युद्धोपयोगी म्हणून मान्यता नाकारण्यात आली. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साहाय्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली वाहने बाहेर पडली. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. पुढे जिच्यामुळे प्रीमियरचे नाव घरोघर पोचले, ती इटालियन मोटार पाहण्यास ते उरले नाहीत.

त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केंद्र सरकारने जे धोरण स्वीकारले, त्याने या उद्योगाचे पुढील तीस वर्षांचे भवितव्य ठरविले. बाहेरून सुटे भाग आणून केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना देशात स्थान राहिले नाही. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे चालविलेला कारखाना १९५४ मध्ये बंद केला. फोर्डनेही गाशा गुंडाळला. मैदानात कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, हे तिघेच प्रमुख खेळाडू उरले. ॲम्बेसेडर ही सरकारी अधिकाऱ्यांची आणि मंत्र्यांची गाडी झाली, स्टँडर्डची हेराल्ड छोटी पडली, आणि या दोहोंच्या मधली जागा फियाट ११०० ने घेतली. तिच्या गोलाकार नाकाडामुळे पहिल्या नमुन्याला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. पण त्या नावात तिरस्कार नव्हता. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या प्रतिष्ठेची ती खूण ठरली. पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली बारा हजार रुपयांची फियाट घेतली, तेव्हा त्यातील पाच हजार त्यांना पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढावे लागले. शास्त्रीजींच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नीने निवृत्तिवेतनातून फेडले. मध्यमवर्गाची मोटार म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

१९६४ सालीच 'फियाट ११०० डिलाइट' आली. मूळ इटलीतील हे रूप १९६२ चे. तेथे ते १९६६ मध्ये मागे पडले आणि ११०० ची संपूर्ण मालिकाच १९६९ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात मात्र तीच गाडी, तेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा तोच गिअर, अशा थाटात निघत राहिली. फियाटचे नाव वापरण्याचा काळ संपल्यावर १९७३ मध्ये तिचे 'प्रेसिडेंट' असे नामकरण झाले आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून ती 'पद्मिनी' झाली. एवढ्या वर्षांत तिच्यात घडलेला सर्वांत ठळक बदल हा नावाचा होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. दिव्यांच्या कडा, पुढची जाळी, आतली फळी यांत फेरफार झाले. गाडी तीच राहिली.

यात सर्व दोष कंपनीचा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. किती गाड्या काढायच्या, हे दिल्ली ठरवीत असे. परकीय चलनाचा तुटवडा असल्यामुळे यंत्रे आणि साचे आणण्यास परवानगी मिळणे दुष्कर होते. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतींवरही कायदेशीर बंधन घातले. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, माजी सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने उत्पादनखर्चाची छाननी केली आणि १९७१ च्या अखेरीस न्यायालयाचा निकाल लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना प्रीमियरचे नाव ठाऊक असते ते मोटारीपेक्षा खटल्यांमुळे. किमतीचा हा एक खटला आणि औद्योगिक तंट्यांत दिवाणी न्यायालयाची मर्यादा कोणती हे सांगणारा १९७५ चा दुसरा. ज्या देशात गाडीची किंमत ठरविण्यासाठी माजी सरन्यायाधीशांना बसावे लागते, त्या देशातील कारखानदाराचे लक्ष रेखनकक्षापेक्षा सचिवालयाकडे अधिक लागले, तर नवल नाही.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकारने हात बांधले हे खरे, पण त्याच सरकारने दारही बंद करून दिले होते. बाहेरून कोणी स्पर्धक येणार नाही, तयार होईल ती गाडी हातोहात खपेल आणि गिऱ्हाईक पैसे भरून वाट पाहील, ही खात्री कोणत्याही उद्योगपतीला बिघडविण्यास पुरेशी असते. पैसे भरून गाडी मिळण्यास अनेक वर्षे लागत, आणि हाती आलेली गाडी अधिक किमतीला विकून फायदा काढणारे मध्यस्थ निर्माण झाले. दर्जाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की केंद्राला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. स्वतःचे नवे इंजिन, स्वतःचा नवा सांगाडा उभा करण्याचा निर्धार या काळात प्रीमियरने दाखविला नाही. वालचंदांनी परकीय सत्तेशी झगडून जो उद्योग उभारला, त्याच्या वारसांनी स्वकीय सत्तेच्या छायेत विसावा घेतला, हे कटू असले तरी सत्य आहे.

या ठिकाणी दक्षिण कोरियाची तुलना अपरिहार्य ठरते. ह्युंदाई मोटार कंपनी १९६७ मध्ये, म्हणजे प्रीमियरच्या मागून तेवीस वर्षांनी जन्मली. तिलाही तिच्या सरकारने परदेशी मोटारींपासून कडेकोट संरक्षण दिले होते. परंतु त्या संरक्षणाला अट होती: माल परदेशी बाजारात विकून दाखवा. परवाना, स्वस्त कर्ज आणि सरकारी कृपा या सर्वांचे मोजमाप निर्यातीने होत असे. १९७५ मध्ये 'पोनी' ही तिची पहिली स्वतःची मोटार आली. १९९८ मध्ये त्याच कंपनीची सँट्रो मद्रासजवळच्या कारखान्यातून निघून मुंबईच्या रस्त्यावर आली, त्या वेळी पद्मिनी अखेरच्या घटका मोजीत होती. पुढे सँट्रोच काळा-पिवळा रंग लावून टॅक्सीच्या रांगेत उभी राहिली. संरक्षण दोघांनाही होते. एकाकडून हिशेब मागितला गेला, दुसऱ्याकडून मागितला गेला नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली, तेव्हाच प्रीमियरच्या सुखाचे दिवस संपले. मारुतीचे इंजिन पद्मिनीहून लहान होते, पण ती हलकी होती, पेट्रोल कमी पीत होती आणि सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होत होती. मारुतीला उत्पादनक्षमता, आयात आणि सरकारी भांडवल यांबाबत जी मोकळीक मिळाली, ती कुर्ल्याला कधी मिळाली नव्हती. प्रीमियरची ही तक्रार रास्त होती. परंतु तिने उत्तर काय दिले? १९८५ मध्ये '११८ एनई' आली. तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा, साचे स्पेनच्या सेआट कारखान्यात वापरून झालेले आणि इंजिन जपानच्या निसानचे. तीन देशांतून गोळा केलेली ही मोटार वाईट नव्हती, पण जन्मतःच वीस वर्षांची होती. नव्वदीच्या दशकात बाजार मोकळा झाल्यावर कंपनीने फ्रान्सच्या पेजोशी आणि नंतर पुन्हा फियाटशी हातमिळवणी केली. कल्याणच्या कारखान्यातील पेजो ३०९ चा प्रयोग तीन-चार वर्षांत आटोपला. कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या भागीदारीत गेला आणि या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. २००९ साली चिंचवडहून 'रिओ' नावाची गाडी काढून प्रीमियरने पुन्हा डोके वर काढले खरे, पण तेही क्षणभरच.

कामगारांच्या दोषाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दत्ता सामंतांच्या संघटनेचा प्रीमियरमध्ये मोठा दबदबा होता आणि संपांनी, संघटनांच्या आपसांतील चुरशीने उत्पादनाचे नुकसान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नेमके नवी गाडी बाजारात आणण्याच्या वेळी कारखाना ठप्प होणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नसते. सामंतांची जानेवारी १९९७ मध्ये पवईत हत्या झाली आणि त्यानंतरच्या काळात कामगारांची बाजूही विस्कळीत झाली. परंतु जुनाट गाडी तशीच ठेवण्याचा निर्णय साच्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराने घेतला नव्हता. यंत्रसामग्रीत पैसा न घालण्याचा ठराव संघटनेच्या सभेत मंजूर झाला नव्हता. तरीही अपयशाची किंमत सर्वांत आधी आणि सर्वांत जड अशी त्यालाच मोजावी लागली. पनवेलहून तळोजामार्गे शीळफाट्याला आणि तेथून कल्याणच्या रस्त्याला लागले, की प्रीमियरच्या जमिनीवर उभे राहिलेले उंच गृहप्रकल्प दिसतात. कुर्ल्याच्या जमिनीचीही तीच गत झाली. कारखान्याची यंत्रे भंगारात गेली, तरी त्याखालची जमीन सोन्याच्या मोलाची निघाली, आणि कामगार मात्र आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे निवेदने देत राहिले. मुंबईच्या गिरण्यांची हीच कथा आहे.

हे सर्व इतिहासजमा झाले असे मानून स्वस्थ बसणाऱ्यांनी द्रुतगती मार्गाने कळंबोलीहून तळेगावपर्यंत एक फेरी मारावी. १९५४ मध्ये शिवडी सोडून गेलेली जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावला नवा कारखाना घेऊन परतली, २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबविली आणि २०२० च्या अखेरीस कारखान्याचे दारही लावले. तेथील कामगार न्यायासाठी झगडत असतानाच त्या कारखान्याच्या विक्रीची बोलणी चालू होती. तो विकत घेतला ह्युंदाईने. म्हणजे परवान्याच्या राज्यात जे घडले, ते मोकळ्या बाजारातही घडू शकते. फरक इतकाच, की तेव्हा कारखाना मरायला तीस वर्षे लागत, आता बारा पुरतात.

आज विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सरकार पुन्हा एकदा उद्योगाला हात देत आहे. मोटार उद्योगासाठी २०२१ साली मंजूर झालेली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना २५,९३८ कोटी रुपयांची आहे. देशात ५० कोटी डॉलर गुंतविणाऱ्यांना आयात शुल्कात भरीव सवलत देण्याचे धोरण मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. जुन्या धोरणाच्या तुलनेत यात एक गोष्ट निश्चित बरी आहे. विक्री वाढली नाही किंवा मालातील देशी वाटा ठरल्याप्रमाणे भरला नाही, तर पैसा मिळत नाही. कोरियाचा धडा उशिरा का होईना, दिल्लीला उमगला आहे. पण या अटींमध्ये संशोधनावर किती खर्च व्हावा, याचा आग्रह क्षीण आहे, आणि कारखाना बंद करावा लागला तर त्याच्या जमिनीच्या किमतीवर पहिला हक्क कामगारांच्या देण्यांचा राहील, असे तर त्यात कोठेच म्हटलेले नाही. सार्वजनिक पैशावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कारखान्याकडून ही दोन कलमे लिहून घेणे सरकारला अशक्य नाही. महाराष्ट्र सरकार तर कारखान्यांना स्वतंत्रपणे जमीन, वीज आणि करांत सवलती देते. तळोजा, चाकण, तळेगाव येथील वसाहतींत भूखंड देताना ते आपल्या अधिकारात हे करू शकते. त्यासाठी केंद्राच्या अनुज्ञेची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

२०२३ मध्ये टॅक्सीचालकांच्या संघटनेने किमान एक पद्मिनी शासनाने संग्रहालयात जतन करावी, अशी विनंती केली होती. ती मान्य करण्यास हरकत नव्हती. मात्र गाडीशेजारी लावायच्या फलकावर केवळ इंजिनाचा आकार आणि नोंदणीचा दिनांक लिहून भागणार नाही. कुर्ला आणि कल्याण येथे ती बनविणाऱ्यांपैकी किती जणांना आपले पैसे मिळाले, हेही तेथे लिहावे लागेल, आणि तो आकडा शासनाने प्रथम स्वतः गोळा केला पाहिजे.