क्लच स्लिप होतोय? पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारा



क्लचच्या व्हिडिओनंतर बऱ्याच गॅरेजवाल्या मित्रांचं एकच म्हणणं आलं: "दादा, एवढं तपासत कोण बसतं? रेस होते, पळत नाही, म्हणजे प्लेटा गेल्या. बदला आणि मोकळे व्हा."

माझं मत स्पष्ट आहे. प्लेटा बदलणं ही दुरुस्ती झाली, निदान नव्हे. निदान न करता केलेली दुरुस्ती म्हणजे ग्राहकाच्या पैशानं खेळलेला जुगार. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः खेळलोय आणि हरलोय.

1,400 रुपयांचं बिल

दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. साताऱ्याजवळच्या एका गावातले दूधवाले काका स्प्लेंडर घेऊन आले. दोन्ही बाजूंना 40-40 लिटरचे कॅन, रोज पहाटे चढाचा रस्ता. "पोरा, चढाला गाडी नुसती ओरडती, वर सरकत न्हाई."

मी एकही प्रश्न विचारला नाही. कव्हर खोललं, प्लेटा आणि स्प्रिंगा नवीन टाकल्या. काका म्हणाले, ऑइल तर महिन्यापूर्वीच टाकलंय, ते फेकू नको. मलाही वाटलं, चला, त्यांचे पैसे वाचतील. ट्रेमध्ये काढलेलं तेच ऑइल गाळून परत ओतलं. बिल झालं 1,400.

पंधरा दिवसांत गाडी पुन्हा तशीच. एका सकाळी चढावर गाडी थांबली, काका डेअरीत उशिरा पोचले आणि दूध परत आलं. दोन कॅन दूध. त्या दिवशी त्यांचं किती नुकसान झालं ते मी कधी विचारलं नाही, विचारायचं तोंडच नव्हतं. कारण ते माझ्याकडे परत आलेच नाहीत. स्टँडजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले.

त्या मिस्त्रींनीच पुढे चहाच्या टपरीवर मला सांगितलं. त्यांनी पाना उचलायच्या आधी एकच विचारलं होतं, "ऑइल कुठलं टाकलंय?" काकांच्या पुतण्याच्या पेट्रोल कारला टाकून उरलेलं ऑइल होतं ते.

बीबीएला असताना ग्राहक टिकवण्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. गल्ल्यावर बसलो आणि सगळं विसरलो.

कारच्या ऑइलनं काय बिघडतं?

आपल्या बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींचा क्लच 'वेट' असतो, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला. फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक, वर प्रेशर प्लेट, आणि स्प्रिंगा सगळ्यांना दाबून धरतात. ही पकड घर्षणावर चालते. कारच्या बऱ्याच पातळ, मायलेज वाढवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारचा क्लच त्या ऑइलमध्ये नसतो, म्हणून तिथे चालून जातं. बाईकमध्ये तेच ऑइल प्लेटांना निसरडं करतं. म्हणून बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं बघायचं. 'एमबी' लिहिलेलं ऑइल ऑटोमॅटिक स्कूटरसाठी, त्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो. ग्रेड मात्र कंपनीनं सांगितलेलीच. एका गाडीला 10डब्ल्यू-30 लागतं तर दुसरीला 20डब्ल्यू-50. सगळ्यांना एकाच पिंपातून ओतायचं नाही.

वीस मिनिटांची तपासणी

आता मी आणि माझी पोरं याच क्रमानं जातो. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे, हे लक्षात घ्या.

*पहिलं, विचारा.* कधीपासून होतंय? गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? शेवटचं ऑइल कधी, कुठलं, कोणी टाकलं? केबल कधी बदलली? लोड किती असतो?

*दुसरं, चालवून बघा.* इंजिन नीट तापू द्या. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये 35-40 च्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच स्लिप. आवाजही चढत नाही आणि वेगही नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे. एअर फिल्टर चोंदलाय का, ब्रेक धरून राहतोय का, कॉम्प्रेशन गेलंय का, ते बघा. नुसतं "पिकअप नाही" ऐकून क्लच खोलणारे मी रोज बघतो.

*तिसरं, केबल.* लिव्हरला मोकळा प्ले आहे का? बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांत लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी असतो, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. प्लेटा झिजत जातात तसा हा प्ले कमी होत जातो. प्ले संपला की हात लिव्हरवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगल्या प्लेटासुद्धा जळायला लागतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर प्ले गायब होत असेल तर केबल चुकीच्या वाटेनं ओढलीय. लिव्हर सोडल्यावर इंजिनाकडचा आर्म झटकन मागे येतो का, तेही बघा. गंजलेली केबल त्याला मागे येऊच देत नाही. इथंच कित्येक गाड्या बऱ्या होतात, एका केबलच्या पैशात.

*चौथं, ऑइल.* लेव्हल बघा, वास घ्या. जळका वास आला तर प्लेटा तापल्यात. चुकीचं ऑइल असेल तर ते काढून योग्य ऑइल टाका आणि थोडे दिवस चालवून बघा. काही वेळा पकड परत येते. प्लेटा आधीच काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र नाही.

*पाचवं, मग खोला.* आणि खोलल्यावर डोळ्यानं नाही, मापानं ठरवा. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरनं. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून फिलर गेजनं, वाकलीय का बघायला. निळसर डाग म्हणजे ती जबर तापलीय. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा. एक जरी मर्यादेखाली गेली तरी पूर्ण सेट बदला. हाऊसिंग आणि हबला प्लेटांनी खाचा पाडल्यात का, तेही बघा, नाहीतर नव्या प्लेटा त्याच खाचांत अडकतात.

बसवताना नव्या प्लेटा आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवा, स्प्रिंगांचे बोल्ट आलटून-पालटून समोरासमोर कसा, गॅस्केट नवीन टाका, ऑइल नवीन टाका आणि शेवटी प्ले पुन्हा लावा. हे सगळं व्हिडिओत दाखवलंय.

"तपासणीचे पैसे कोण देतं?"

हा प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. आपला ग्राहक पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. केबलला प्ले देऊन 50 रुपये मागितले तर म्हणतो, "नुसता स्क्रू फिरवला की!" मग मिस्त्रीलाही वाटतं, प्लेटाच टाकाव्यात, निदान पार्टवर मार्जिन तरी सुटेल. म्हणजे प्रामाणिकपणाचा तोटा आणि आळसाचा फायदा, असा उलटा हिशोब आपण स्वतःच मांडून ठेवलाय.

मी तो असा सोडवला. दुकानात पाटी आहे: 'क्लच तपासणी 100 रुपये. काम इथे केल्यास बिलातून वजा.' सुरुवातीला दोन-चार जण पाटी वाचून निघून गेले. जाऊ दिलं. जे थांबले त्यांना मी शेजारी उभं करून प्ले दाखवतो, जुनी आणि नवी प्लेट हातात देतो, व्हर्नियरचा आकडा त्यांनाच वाचायला लावतो. आकडा स्वतः वाचलेला माणूस बिलावर घासाघीस फार कमी करतो, हा माझा अनुभव.

आणि एक उलटी गोष्टही सांगतो. प्लेटा खरंच संपल्या असतील तर "केबल ॲडजस्ट करून देतो, चालेल महिनाभर" असं म्हणणं हीसुद्धा फसवणूकच. ग्राहक खूश होऊन जातो आणि घाटात अडकतो. खरं निदान कधी 50 रुपयांचं निघतं, कधी 1,500 चं. जे निघेल ते तोंडावर सांगायची हिंमत पाहिजे.

सोबत गाडी चालवण्याची सवयही बोला. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणारा, दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवणारा माणूस नव्या प्लेटाही लवकर संपवणार. ते आज सांगितलं नाही, तर उद्या तो तुमच्या कामालाच नावं ठेवेल.

काकांचा हिशोब आजही माझ्या वहीत आहे. वर्षाला चार सर्व्हिसिंग, सरासरी 600 रुपये, म्हणजे 2,400. त्या एका क्लचच्या कामात मला सुटले होते साधारण 500. आणि गावातल्या ज्या गाड्या त्यांच्या शब्दावर आल्या असत्या, त्या वेगळ्याच.

एकदा त्यांना गाठून मी ते 1,400 परत द्यायला गेलो होतो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पैसं राहू दे. पुढच्याला विचारून कर म्हणजे झालं."

ते अजूनही माझ्याकडे येत नाहीत. पण उद्या सकाळी तुमच्या दारात "नुसती ओरडती" म्हणणारी पहिली गाडी येईल तेव्हा पाना खाली ठेवा आणि आधी विचारा: ऑइल कुठलं टाकलंय?