सातनंतरची गर्दी
दहावीचा शेवटचा पेपर झाला की धर्माबादेतली काही पोरं थेट हॉटेलात कामाला लागतात. तेलंगणाला खेटून असलेलं, लाल मिरचीच्या बाजाराचं हे गाव. एक गिऱ्हाईक मराठीत भजी मागतं, दुसरं तेलुगूत पाणी. खांद्यावर फडकं टाकलेला पोरगा दोघांनाही नेमकं हवं ते आणून देतो. हे शिकणं मोलाचंच. पण १९८६चा बालकामगार कायदा २०१६च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांनाही लागू आहे: मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तास काम, संध्याकाळी सातनंतर अजिबात नाही. अन् हॉटेलाची खरी गर्दी सातनंतरच! मालकांनो, नेमकं तेव्हाच पोराला घरी सोडा. निकाल लागला की त्याला अकरावीला जायचंय.