टाके सुकले म्हणजे आजार संपला असे नाही

वाढत्या वयातल्या मुलामुलींना होणारा हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, बहुतेक वेळा गुडघ्याजवळ सुरू होतो. केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो असे उपचार कित्येक महिने चालतात. वस्तीत वर्गणी निघते, नातेवाईक धावून येतात. पण टाके सुकले, पोरगं चालायला लागलं, की फाईल पेटीत जाते. माझ्या मते चूक इथेच होते.

हा कॅन्सर पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो, त्याखालोखाल दुसऱ्या हाडांत. कातडीत तो फारच क्वचित जातो. गेला तर डोक्यावर, छातीवर, पाठीवर, कुठेही कातडीत किंवा कातडीखाली टणक गाठ येते. ती दुखेलच असे नाही. म्हणून घरचे तिला गळू किंवा चरबीची गाठ समजतात. कुणी पोटीस बांधतो, कुणी चोळतो, कुणी जवळच्या दवाखान्यात चिरा मारून घेतो, आणि हातचे महिने निघून जातात.

घाबरू नका, अंगावरच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. पण ज्याला हाडाचा कॅन्सर होऊन गेला आहे, त्याची नवी गाठ साधी आहे हे नजरेने ठरवू नये. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी, झाल्याशिवाय खात्री होत नाही. गाठ कॅन्सरची निघाली तर छातीचा सीटी स्कॅनही करावा लागतो, कारण फुप्फुसातही आजार पोचलेला असू शकतो. म्हणून जिथे उपचार झाले तिथेच, जुन्या फाईलसह, गाठ दाखवा.

घरच्यांना दोष देणे सोपे आहे. पण फेरतपासणी म्हणजे बुडालेला रोज आणि गाडीभाडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार होतात, बुडालेला रोज मात्र त्यात मिळत नाही. म्हणून वर्गणी ऑपरेशनपुरती काढू नका. पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी बोलावतात. त्या फेऱ्यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा. तारीख महिला मंडळाने लक्षात ठेवावी. रुग्णालयांनीही सुट्टी देताना कशाकडे लक्ष ठेवायचे ते साध्या मराठीत लिहून द्यावे.

आणि पोराला सांगा, "हाताला काही नवं लागलं तर लपवू नकोस." खर्चाच्या भीतीने पोरं गप्प बसतात. ती भीती आपणच घालवायची आहे.