विषाणू बदलतो, म्हणून लस फुकट?

"हा विषाणू सारखा रूप बदलतो, मग मांजराला लस टोचून काय उपयोग?" यालाच जोडून दुसरे बोलणे येते: बदलता बदलता तो आपोआप सौम्य होईल. विषाणू बदलतो हे खरे. त्यावरून काढलेली दोन्ही अनुमाने मात्र चुकीची आहेत.

हा विषाणू म्हणजे फेलाइन कॅलिसिव्हायरस, मांजरांच्या सर्दीचा एक मोठा कारक. त्याचा जनुकसंच आरएनएचा, जेमतेम ७,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल उतरवणारे विकर चुका तपासत नाही. कवचाच्या प्रथिनाचा एक भाग तर इतक्या झपाट्याने बदलतो की एकाच मांजराच्या घशात काही महिन्यांनी विषाणूचे वेगळे रूप सापडते. मांजरांच्या सर्दीचा दुसरा मोठा कारक, हर्पिस विषाणू, डीएनएचा. तो फारसा बदलत नाही.

पण कॅलिसिव्हायरसचेही सगळे कवच काही बदलत नाही. म्हणूनच त्याच्या साठ वर्षांहून जुन्या एफ-९ या प्रकारापासून केलेली लस आजही अनेक प्रकारांविरुद्ध कमीअधिक काम करते. ती संसर्ग रोखत नाही, आजाराची धार कमी करते. ही धार काय असते ते मी पाहिले आहे. जिभेच्या कडेला व्रण पडलेले पिल्लू भुकेने बशीपाशी येते, भाताला तोंड लावते आणि मान झटकून मागे सरते. हनुवटीवरून लाळ गळत राहते. ज्याने हे पाहिले, तो लसीला फुकट म्हणणार नाही.

आता सौम्यतेचे. १९९८मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात याच विषाणूचे जहाल रूप उद्भवले. तोंड आणि पाय सुजले, लस घेतलेली प्रौढ मांजरेही दगावली. हे लपवण्यात अर्थ नाही. पुढेही असे उद्रेक झाले आणि तिथले जहाल प्रकार एकाच घराण्यातले नव्हते. म्हणजे साध्या विषाणूतून जहाल विषाणू पुन्हापुन्हा, स्वतंत्रपणे घडतो. त्याला सौम्य होण्याची ओढ नाही. दाटीवाटीच्या निवाऱ्यात पुढचे मांजर हाताशीच असते. तिथे यजमान मेला तरी विषाणूचे अडत नाही. त्यातच संसर्ग झालेल्यांपैकी जवळपास निम्मी मांजरे ७५ दिवसांनंतरही विषाणू बाहेर टाकत असतात, वरून ठणठणीत दिसली तरी.

तेव्हा लस चुकवू नका आणि एका घरात मांजरांची गर्दी करू नका. नवे पिल्लू आणले की पहिले काही आठवडे त्याची खोली आणि बशी वेगळी ठेवा. फरशी पातळ केलेल्या ब्लीचने पुसून स्वच्छ धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूला तो पुरा पडत नाही.