मातृत्वाचा हक्क गर्भधारणेच्या आधी सुरू होतो

आपल्या देशात गरीब बाईची सरकारदरबारी दखल घेतली जाते ती तिला दिवस गेल्यावर. मग आशाताई घरी येतात, उपकेंद्रात नाव नोंदले जाते, लोहाच्या गोळ्या मिळतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली आला, दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी २०१६ साली सुरू झाली, प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली आली. या योजनांचे मोल कमी नाही. परंतु या सर्व योजनांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे गर्भ राहिल्यावर. आणि एक आजार असा आहे की ज्याच्या बाबतीत हा आरंभच उशिराचा ठरतो. तो आजार म्हणजे मधुमेह, आपल्या लोकांच्या भाषेत शुगर.

कारण साधे आहे. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा, मूत्रपिंडे यांची मूळ घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत होते. पाळी चुकली हे बाईच्या लक्षात येईपर्यंत, घरात सांगेपर्यंत आणि केंद्रात नाव नोंदवेपर्यंत दोन-अडीच महिने सहज निघून जातात. या काळात आईच्या रक्तात साखर वाढलेली असेल तर त्या घडणीतच दोष राहू शकतो, गर्भपात होऊ शकतो, पुढे बाळ पोटातच दगावू शकते. नंतर कितीही इन्सुलिन टोचले तरी घडून गेलेले हृदय पुन्हा घडवता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी शासन बाईचे बोट टोचून साखर पाहते, त्या दिवशी अर्धी लढाई संपलेली असते!

आता शासनाचे दुसरे दार पाहा. मधुमेह, रक्तदाब व कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावपातळीवर जी तपासणी होते ती तीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांची. आमच्या मुलींची लग्ने विशीत होतात आणि तिशी गाठेपर्यंत बहुतेकींची दोन मुले शाळेत जाऊ लागलेली असतात. तिशीच्या आत तपासणी नाही आणि गर्भ राहण्यापूर्वी नोंद नाही. या दोन दारांच्या मधल्या अंगणात जी बाई उभी आहे तिला कोण विचारणार? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शेठजींचा आजार आहे ही समजूत आता सोडून द्यावी लागेल.

आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांचेच उदाहरण घ्या. एकेकाळी भातशेतीवर राबणारा हा मुलूख. आज खोपोली-सावरोली पट्ट्यात कंत्राटी कामगारांच्या रात्रपाळ्या आहेत, कर्जत-नेरळच्या बाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट आहेत, त्यांत झाडलोट करणाऱ्या आपल्या आयाबहिणी आहेत. श्रमाची जात बदलली, ताट बदलले. रेशनचा तांदूळ दोन्ही वेळेला, सोबत गोड चहा आणि गाडीवरचा वडापाव. आजार आला, पण उपचार त्याच्या मागोमाग आला नाही. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे व चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. परंतु जिल्हा रुग्णालय अलिबागला. खांडसकडच्या वाडीतील बाईला तिथे जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी. म्हणून आपली माणसे लोकल पकडून उल्हासनगर नाही तर मुंबई गाठतात. कातकरी भगिनी तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. गर्भ राहिला कुठे, तपासणी झाली कुठे, याचा हिशेब कोणत्याच रजिस्टरात बसत नाही.

मग करायचे काय? जिला मधुमेह आहे, मग तो लहानपणापासूनचा असो वा नंतर झालेला, तिने मूल हवे असे ठरवल्यावर किमान तीन ते सहा महिने आधी डॉक्टरांकडे जावे. एचबीएवनसी नावाची रक्ततपासणी असते, तिला लोक ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातील साखर सरासरी कशी होती हे ती सांगते. साखर एकदम खाली न घसरता हा आकडा साडेसहाच्या आत आणता आला तर उत्तम. तो दहाच्या वर असेल तर तो खाली येईपर्यंत गर्भधारणा टाळावी, असा वैद्यकशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी वाड्यांत रक्तक्षय घरोघर आहे. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि बोट टोचून केलेल्या रोजच्या नोंदीही डॉक्टरांना दाखवाव्यात.

याच वेळी डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि रक्तदाब तपासावा, कारण गर्भारपणात या दुखण्यांना जोर चढतो. रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. साखरेच्या काही गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुरू करावे लागते. परंतु कोणाच्या सांगण्यावरून मनाने एकही गोळी बंद करू नये. फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करायची असते आणि मधुमेही स्त्रीला ती साधारणतः जास्त मात्रेची, रोज ५ मिलिग्रॅम, देतात. जिला पूर्वीच्या बाळंतपणात साखर वाढली होती, जिचे बाळ चार किलोच्या वर होते वा पोटात दगावले, जिच्या आईवडिलांना मधुमेह आहे, तिने तर तिशीची वाट न पाहता तपासून घ्यावे. गर्भारपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी. ती किती जणींची होते, हे प्रत्येकीने आपापल्या घरात विचारून पाहावे.

पथ्याच्या छापील कागदावर ओट्स आणि ऑलिव्हचे तेल लिहिलेले असते. ते आमच्या चुलीला काय कामाचे? भाताचा ढीग कमी करून नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे, अंडे, मासळी, शेवग्याची व टाकळ्याची भाजी यांनी ताट भरता येते. पण बाई सर्वांच्या शेवटी, उरलेल्या भातावर आमटी ओतून जेवत असेल तर पथ्य कागदावरच राहणार. इन्सुलिनला फ्रिज नाही म्हणून ते बंद करण्याचेही कारण नाही. चालू बाटली उन्हापासून दूर गारव्याला सुमारे चार आठवडे टिकते. ओल्या वाळूत ठेवलेले मडके उन्हाळ्यात कामाला येते. इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर एकदम उतरली तर घाम, थरथर, भोवळ येते. तेव्हा लगेच साखरपाणी द्यावे, हे घरातील पोरासोरांनाही ठाऊक हवे.

आणि साखर आटोक्यात येईपर्यंत पाळणा लांबवणे हा या उपचाराचाच भाग आहे. इथे आपल्याला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवले पाहिजेत. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी प्रसूतीच्या आधीची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला, पण मूल केव्हा व्हावे हे ठरवण्यात बाईच्या जिवाचा विचार प्रथम झाला पाहिजे हा विचार त्यातून उभा राहिला. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने जर्जर झाले होते. माता रमाईने चार लेकरे गमावली. ती गरिबीने नेली. आज औषध आहे, तपासणी आहे, ज्ञान आहे आणि तरीही लेकरे जात असतील तर दोष कोणाच्या माथी मारायचा?

आपल्याकडे तो दोष बाईच्या माथी मारला जातो. दोनदा गर्भ पडला की बाहेरची बाधा, पायगुण, नवस. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही भगताकडे जाणारी वाट अजून बुजलेली नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. तथागतांनी कारणाशिवाय कार्य नाही असे शिकवले. गर्भ पडण्याचे कारण रक्तात शोधायचे की भगताच्या सुपात?

दुसरीकडे मुलीचे लग्न मोडेल म्हणून आईबाप तिचा आजार झाकतात. मग सासरी ती चोरून इन्सुलिन घेते, पुढे तेही सोडते. वकील म्हणून येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू होतो, त्याच्या कलम १३ मधील घटस्फोटाच्या कारणांत मधुमेह नाही. मात्र लग्नाआधी आजार लपवला तर ‘फसवणूक झाली’ असा कांगावा करायला समोरच्याला निमित्त मिळते. म्हणून आधीच मोकळेपणाने सांगावे. आणि मूल होत नाही म्हणून बाईला टोमणे मारणे, हिणवणे ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ नुसार हिंसाच आहे. कायद्यात तसे शब्दच आहेत. नवऱ्यानेही आपली साखर तपासावी आणि पहिल्या तपासणीपासून बायकोसोबत दवाखान्यात बसावे. समतेची सुरुवात घरातून होते ती अशी.

आता शासनाकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग मानला. लक्ष्मी मंडल प्रकरणात २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने मातेचे आरोग्य जगण्याच्या हक्काशी जोडले. आणि राज्यात करता येण्याजोगे काही नाही असेही नाही. नाशिक जिल्ह्यात आदिवासी भागासह गर्भधारणापूर्व काळजीचा प्रयोग झाला. ‘वात्सल्य’ या नावाने राज्याच्या आरोग्य विभागाने तो विचार पुढे नेला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णयही आहे. मग आमच्या मागण्या साध्या आहेत. मूल होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक स्त्रीची, वय न पाहता, साखर व हिमोग्लोबिन तपासा. तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी आणि इन्सुलिन कर्जत, कशेळे, चौक येथे नियमित द्या. वीटभट्टीवर जाणाऱ्या भगिनींच्या हाती नोंदीचे कार्ड द्या, जे कोणत्याही जिल्ह्यात चालेल. आपल्या तालुक्यात यांपैकी काय मिळते आणि काय नाही, याची लेखी विचारणा माहिती अधिकाराखाली प्रत्येक गावातून झाली पाहिजे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.

आणि चळवळीने काय करावे? आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत रोज संध्याकाळी महिला जमतात, ग्रंथवाचन होते. तीन महिने! साखरेचा आकडा बदलायलाही तेवढेच महिने लागतात. वर्षावासाच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्राला पत्र देऊन विहारात तपासणी ठेवावी, ज्यांची साखर जास्त निघेल त्यांच्यासोबत महिला मंडळाने रुग्णालयात जावे आणि समारोपाच्या आधी पुन्हा तपासणी करावी. जयंतीच्या डीजेवरील खर्चाचा एक छोटा हिस्सा काढला तर प्रत्येक विहारात साखर मोजण्याचे यंत्र आणि पट्ट्या येऊ शकतात. विहाराचे दार शेजारच्या कातकरी, ठाकर वाडीलाही उघडे असावे.

चवदार तळ्याचा हा जिल्हा आहे. १९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला, तो माणूस म्हणून जगण्यासाठी. त्याच जिल्ह्यातील लेकीला आपले बाळ धडधाकट जन्मावे यासाठी वेळेवर एक रक्ततपासणी मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. तो दिवस गेल्यानंतर नव्हे, त्याच्या आधीच मिळाला पाहिजे. आणि तो मागायला आपणच उभे राहिले पाहिजे.